एकच क्लोरीन, कधी समावेशन तर कधी प्रतियोजन: प्रकार ओळखायचा कसा?

रानजाई | ८ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे संपृक्त-असंपृक्त, समावेशन (रेणूत अणूंची भर पडणं) आणि प्रतियोजन (एका अणूची जागा दुसऱ्याने घेणं) हे तिला व्यवस्थित येतं. हायड्रोकार्बनच्या धड्यावरचे प्रश्न सोडवायला बसली आणि दोन ठिकाणी अडली.

क्लासच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत लिहिलंय: संपृक्त असेल तर प्रतियोजन, असंपृक्त असेल तर समावेशन. प्रश्न होता, ५०० अंश सेल्सिअसला प्रोपीनची क्लोरीनशी अभिक्रिया केली, प्रकार ओळखा. प्रोपीनमध्ये दुहेरी बंध आहे म्हणून तिने समावेशन लिहिलं. उत्तरसूचीत प्रतियोजन! पुढचा प्रश्न बेंझीन आणि क्लोरीन, अतिनील प्रकाशात. बेंझीन म्हणजे प्रतियोजन असं पाठ केलेलं, तर तिथे उत्तर समावेशन.

क्लासमध्ये विचारलं तर "हे अपवाद आहेत, पाठ करून टाक" असं सांगितलं. ते तिलाही पटलं नाही आणि मलाही. मी कॉमर्सची, त्यामुळे घरी समजावून सांगणारं कुणी नाही. प्रकार ओळखायची काही खात्रीची रीत आहे का?

गोदाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री १०:२५

रानजाई ताई, तुमच्या लेकीला पटलं नाही ही फार चांगली गोष्ट आहे. ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं हाच धडा शिकवला, आणि ती ठळक अक्षरांतली ओळ मुलांचं किती नुकसान करते ते पाहिलंय. ती ओळ सुरुवातीच्या पदार्थाकडे बघून निकाल देते. अभिक्रियेचा प्रकार मात्र सुरुवातीचा पदार्थ आणि उत्पादित यांच्यातल्या फरकावरून ठरतो. उत्पादित बघितल्याशिवाय प्रकार सांगताच येत नाही.

रीत सोपी आहे. (मोबाईलवर रासायनिक सूत्रं नीट उमटत नाहीत म्हणून शब्दांत लिहितो.) रेणूतल्या कार्बनच्या संख्येची दुप्पट करायची, त्यात २ मिळवायचे, त्यातून हायड्रोजनची संख्या वजा करायची आणि उरेल त्याचं निम्मं करायचं. क्लोरीन, ब्रोमीनचे अणू हायड्रोजनसारखेच मोजायचे. ऑक्सिजन मोजायचाच नाही. जो आकडा येतो तो त्या रेणूतल्या असंपृक्ततेचा. एक दुहेरी बंध म्हणजे १, तिहेरी बंध म्हणजे २, एक वलय म्हणजेही १.

आता प्रोपीन बघा. कार्बन ३, हायड्रोजन ६. तीन दुणे सहा, अधिक २ म्हणजे ८. त्यातून ६ गेले, उरले २, निम्मे १. साध्या तापमानाला क्लोरीन दिला की १,२-डायक्लोरोप्रोपेन मिळतं: कार्बन ३, हायड्रोजन ६, क्लोरीन २. आठातून आठ गेले, शून्य. आकडा १ वरून ० वर उतरला. हे समावेशन.

५०० अंशांना मिळतं अलाइल क्लोराइड: कार्बन ३, हायड्रोजन ५, क्लोरीन १. आठातून सहा गेले, दोन, निम्मे १. आकडा होता तिथेच राहिला, दुहेरी बंध शाबूत आहे. एक हायड्रोजन गेला, त्या जागी एक क्लोरीन आला, बाहेर एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) पडलं. हे प्रतियोजन.

आकडा उतरला तर समावेशन, तोच राहिला तर प्रतियोजन, चढला तर एलिमिनेशन (एचसीएलसारखा लहान रेणू बाहेर पडणं) किंवा हायड्रोजन काढून टाकणारी अभिक्रिया. मात्र त्याआधी कार्बनची संख्या बघा. ती बदलली असेल तर सांगाडाच तुटलाय किंवा जोडला गेलाय, म्हणजे क्रॅकिंग, पॉलिमरायझेशन वगैरे. आणि सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन गेला असेल तर ज्वलन, तिथे हा हिशेब लागू नाही.

अभ्यासू_११वी | ८ ऑगस्ट, रात्री १०:५२

सर, पण परीक्षेत उत्पादित दिलेलंच नसेल तर? नुसतं "प्रोपीन + क्लोरीन, ५०० अंश" एवढंच असतं.

गोदाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री ११:१५

हा खरा प्रश्न. तेव्हा समीकरणातल्या बाणावर काय लिहिलंय ते वाचायचं. प्रकाश, तापमान, उत्प्रेरक, द्रावक. मुलं बाणाच्या दोन्ही बाजू वाचतात आणि बाण सोडून देतात.

प्रकाश, उच्च तापमान किंवा पेरॉक्साइड दिसलं की फ्री रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला सुटा अणू किंवा गट, मनात आलं पाहिजे. फेरिक क्लोराइड, निर्जल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आणि अंधार दिसला तर इलेक्ट्रॉन शोधणारा धन कण, म्हणजे इलेक्ट्रोफाइल.

प्रोपीनचंच घ्या. क्लोरीनचे दोन अणू जोडणारा बंध तोडायला मोलमागे साधारण २४२ किलोज्यूल लागतात. ५०० अंशांना तो तुटतो आणि सुटे क्लोरीन अणू तयार होतात. सुटा अणू दुहेरी बंधाला चिकटू शकतो, पण एवढ्या तापमानाला तो चिकटतो तसाच सुटतोही. दुसरा रस्ता म्हणजे शेवटच्या मिथिल गटातला हायड्रोजन ओढून घ्यायचा. हा हायड्रोजन दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवर बसलेला असतो आणि त्याला काढायला साधारण ३७० किलोज्यूल पुरतात. मिथेनमधला हायड्रोजन काढायला ४४० च्या आसपास लागतात. हा इतका सहज का निघतो? कारण मागे उरणारं अलाइल रॅडिकल आपला एकटा इलेक्ट्रॉन दोन टोकांच्या कार्बनांमध्ये वाटून घेतं आणि स्थिर होतं. म्हणून गरम प्रोपीनमध्ये दुहेरी बंध तसाच राहतो आणि शेजारचा हायड्रोजन बदलला जातो.

विवेक_पेण | ९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

सरांच्या प्रतिसादाला अनुमोदन. प्लांटवर काम करणारा माणूस म्हणून थोडी भर घालतो. प्रोपीनची ही अभिक्रिया फक्त प्रश्नपत्रिकेसाठी तयार केलेली नाही. अलाइल क्लोराइड जगभर अशाच रीतीने बनवतात. त्यापासून एपिक्लोरोहायड्रिन आणि त्यापासून एपॉक्सी रेझिन. रिअ‍ॅक्टरमध्ये प्रोपीन मुद्दाम जास्त आणि क्लोरीन कमी ठेवतात. क्लोरीन विपुल झाला की दुहेरी बंधाला चिकटलेल्या रॅडिकलला दुसरा क्लोरीन लगेच भेटतो आणि समावेशन सुरू होतं. म्हणजे तापमानाइतकाच प्रमाणाचाही परिणाम असतो.

अभ्यासू, तुला एक मस्त साखळी देतो, आकडे लावून बघ. शेतात टाकतात तो पीव्हीसी पाइप. ईथीनवर (आकडा १) क्लोरीन दिला की १,२-डायक्लोरोईथेन होतं, आकडा ०. समावेशन. ते ५०० अंशांच्या आसपास भट्टीतल्या नळ्यांमधून नेलं की एचसीएल बाहेर पडतं आणि व्हिनाइल क्लोराइड उरतं, आकडा पुन्हा १. एलिमिनेशन. मग हजारो व्हिनाइल क्लोराइड एकमेकांना जोडले जातात, प्रत्येक दुहेरी बंध उघडून एकेरी होतो. समावेशन पॉलिमरायझेशन. एका पाइपात तीन प्रकार.

आणि मुळात ईथीन येतं कुठून? आमच्या जवळचं उदाहरण नागोठण्याचं. मुंबई हायच्या वायूतला ईथेन आणि प्रोपेन तिथल्या क्रॅकरला जातो. ८०० अंशांच्या वर, वाफेबरोबर, सेकंदापेक्षाही कमी वेळ भट्टीत राहतो आणि लगेच थंड केला जातो. ईथेनचा आकडा ०, ईथीनचा १, हायड्रोजन वायू बाहेर. आकडा चढला. वेळ वाढला तर ईथीन पुढे तुटत जाऊन नळ्यांत कोळसा साठतो, म्हणून ती घाई.

तर्कनिष्ठ | ९ ऑगस्ट, सकाळी ९:०५

मंडळी, उत्साह समजतो, पण मुलीला सीईटी द्यायची आहे. एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं. त्यात दुप्पट करा, दोन मिळवा, रॅडिकलची ऊर्जा काढा हे कधी करायचं? दहा-बारा अभिक्रियांचा तक्ता भिंतीवर लावा, रोज वाचा, मार्क मिळतात. माझ्या दोन्ही मुलांनी हेच केलं.

गोदाकाठ | ९ ऑगस्ट, दुपारी १:१०

तर्कनिष्ठ, तक्त्याला माझा विरोध नाही. तक्ता पाठ असलेल्या मुलाला तक्त्यातला प्रश्न आला की मार्क मिळतात, हे खरंच. पण प्रश्न काढणारा तक्त्याच्या कडेचा प्रश्न काढतो. सायक्लोप्रोपेनचं उदाहरण घ्या. सगळे एकेरी बंध, म्हणून तक्त्यात "संपृक्त". पण ब्रोमीन दिलं की वलय उघडतं आणि १,३-डायब्रोमोप्रोपेन मिळतं. एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) बाहेर पडत नाही. तीन कार्बनांच्या वलयातला कोन ६० अंश, आणि कार्बनला हवा असतो १०९.५. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरने १८८५ मध्ये हा वलयातला ताण मांडला. आता आकडा लावा: सायक्लोप्रोपेन १, उत्पादित ०. उतरला, म्हणजे समावेशन. तक्ता इथे गप्प बसतो, आकडा बोलतो. आणि हा हिशेब चार-पाच उदाहरणं केली की तोंडी दहा सेकंदांत होतो.

प्रयोगवही | ९ ऑगस्ट, रात्री ८:२०

कागदावरचं सगळे सांगताहेत, मी परीक्षानळीतलं सांगते. प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे ब्रोमीन वॉटरची परीक्षा दर वर्षी डोळ्यांसमोर होते.

"रंग गेला म्हणजे असंपृक्त" एवढंच मुलं लिहितात. हेक्झेन हा संपृक्त पदार्थ घ्या, त्यात लालसर ब्रोमीन वॉटर घालून हलवा आणि नळी स्टँडमध्ये ठेवा. खालचा पाण्याचा थर जवळजवळ बिनरंगी झालेला दिसतो. बरीच मुलं लगेच "रंग गेला" लिहून मोकळी होतात. पण वर बघायला हवं. वरचा हेक्झेनचा थर नारिंगी झालेला असतो. ब्रोमीन कुठेही गेलेलं नाही, पाणी सोडून हेक्झेनमध्ये उतरलंय, कारण तिथे ते जास्त विरघळतं. अभिक्रिया झालेलीच नाही.

आता तो नारिंगी थर वेगळा काढून खिडकीत उन्हात ठेवा. हळूहळू तोही फिका होतो. ही मात्र खरी अभिक्रिया आणि ती प्रतियोजन आहे. ओळखायचं कसं? रंग पूर्ण गेल्यावर नळीच्या तोंडाशी अमोनियात बुडवलेली काचेची कांडी धरायची. पांढरा धूर दिसला तर एचबीआर बाहेर पडतंय. रंग शिल्लक असताना ही परीक्षा करू नका, ब्रोमीनची वाफही अमोनियाबरोबर पांढरा धूर देते आणि फसगत होते. ओला निळा लिटमसही चालतो, पण ब्रोमीन उरलेलं असेल तर तो विरंजित होतो.

हेक्झीन (यात दुहेरी बंध असतो) घेतलं तर उन्हाची वाटच बघावी लागत नाही. सावलीत, हलवता हलवता दोन्ही थर बिनरंगी. म्हणून वहीत तीन गोष्टी लिहायला लावते: रंग कुठल्या थरातून गेला, प्रकाश लागला का, आणि धूर आला का.

अभ्यासू_११वी | ९ ऑगस्ट, रात्री ८:४५

ताई, हे कुठल्याच गाईडमध्ये नाही! मी पण फक्त खालचा थर बघितला असता. म्हणजे रंग जाणं म्हणजे ब्रोमीन वापरलं गेलं एवढंच कळतं, कसं वापरलं गेलं ते धुरावरून कळतं, बरोबर?

प्रयोगवही | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

अगदी बरोबर. फेनॉलमध्येही ब्रोमीन वॉटरचा रंग लगेच जातो, पण तिथे ट्रायब्रोमोफेनॉलचा पांढरा साका बसतो आणि ते प्रतियोजन असतं. आणखी एक: ईथीन ब्रोमीन वॉटरमध्ये सोडलं तर मुख्यतः २-ब्रोमोईथेनॉल मिळतं, कारण पाणीही भाग घेतं. डायब्रोमोईथेन हवं असेल तर पाणी नसलेला द्रावक लागतो. प्रकार दोन्हीकडे समावेशनच.

रानजाई | १० ऑगस्ट, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने वहीच्या मागच्या पानावर आकडे लावत सगळा संच पुन्हा सोडवला. प्रोपीन कळलं. बेंझीनचा आकडा तिने ४ काढला (तीन दुहेरी बंध आणि एक वलय), क्लोरोबेंझीनचाही ४, म्हणून प्रतियोजन. अतिनील प्रकाशातल्या हेक्झाक्लोराइडचा १, म्हणून समावेशन. इथवर जमलं. तिचा प्रश्न असा आहे: बेंझीनमध्ये तीन दुहेरी बंध असताना ते एरवी समावेशन का टाळतं?

गोदाकाठ | १० ऑगस्ट, रात्री ११:००

शाब्बास म्हणा तिला माझ्याकडून. या प्रश्नाचं उत्तर मोजून मिळालेलं आहे.

सायक्लोहेक्झीनमध्ये एक दुहेरी बंध. त्याला हायड्रोजन जोडला की मोलमागे साधारण १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बेंझीनमध्ये तीन सुटे दुहेरी बंध असते तर ३६० पडायला हवी होती. प्रत्यक्षात पडते सुमारे २०८. म्हणजे कागदावर काढलेल्या तीन दुहेरी बंधांपेक्षा खरं बेंझीन दीडशे किलोज्यूलने खाली, जास्त स्थिर आहे. फॅरडेने १८२५ मध्ये बेंझीन वेगळं केलं, केकुलेने १८६५ मध्ये वलय सुचवलं, पण ही स्थिरता कळायला इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांवर पसरलेले असतात हे समजावं लागलं.

समावेशन झालं की ही स्थिरता मोडते. प्रतियोजनात ती वाटेत तात्पुरती जाते आणि हायड्रोजन बाहेर पडला की परत मिळते. म्हणून फेरिक क्लोराइडबरोबर बेंझीन एक हायड्रोजन देऊन टाकतं आणि वलय राखतं. अतिनील प्रकाशात सुटे क्लोरीन अणू भरपूर असतात, एकदा वलयाची स्थिरता मोडली की उरलेले दोन दुहेरी बंध साध्या अल्कीनसारखे वागतात, आणि मग सहाच्या सहा क्लोरीन बसेपर्यंत अभिक्रिया थांबत नाही.

शिवारातला | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५०

हे बेंझीन हेक्झाक्लोराइड म्हणजे आमच्याकडची बीएचसी पावडर ना? वडील गॅमेक्सीन म्हणायचे. वाळवीसाठी, हुमणीसाठी टाकायचे. वास अजून आठवतो.

विवेक_पेण | ११ ऑगस्ट, सकाळी ७:४०

तीच, दादा. या अभिक्रियेत एकाच सूत्राचे अनेक समघटक एकत्र तयार होतात, आणि कीटक मारायचा गुण प्रामुख्याने त्यातल्या गॅमा समघटकात असतो. तो वेगळा काढला की लिंडेन. बाकीचे समघटक कामाचे नाहीत, पण मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत लिंडेन आणि त्याचे दोन भाऊबंद घातले गेले. घरात जुना डबा असेल तर उघडू नका आणि विहिरीजवळ फेकू नका.

तर्कनिष्ठ | ११ ऑगस्ट, दुपारी १२:३०

गोदाकाठ सर, एक प्रामाणिक शंका. असंपृक्तता ओळखायची पोटॅशियम परमँगनेटची बायर परीक्षा. ईथीनपासून ईथेन-१,२-डायोल होतं. पुस्तक म्हणतं ऑक्सिडीकरण. तुमच्या हिशेबाने आकडा १ वरून ०, म्हणजे समावेशन. दोन्हींपैकी बरोबर काय?

गोदाकाठ | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

दोन्ही बरोबर, कारण ही दोन उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. सांगाड्याला काय झालं? दोन ओएच गट जोडले गेले, समावेशन. इलेक्ट्रॉनांचं काय झालं? कार्बनने गमावले, मँगेनीजने घेतले, म्हणून जांभळा रंग जाऊन तपकिरी मँगेनीज डायऑक्साइडचा साका येतो. ऑक्सिडीकरण. परीक्षेत पर्यायांत दोन्ही दिसले तर ऑक्सिडीकरण निवडावं, कारण परमँगनेट ऑक्सिडीकारक म्हणूनच घेतलेलं असतं. थंड, विरल आणि अल्कधर्मी असेल तर इथपर्यंतच. गरम आणि आम्लधर्मी असेल तर कार्बन-कार्बन बंधच तुटतो. तेव्हा कार्बनची संख्या आधी बघा, हे इथेही लागू.

असंच अ‍ॅसिटिलीनचं. त्यावर पारा क्षार आणि सल्फ्युरिक आम्लासह पाणी जोडलं की अ‍ॅसिटाल्डिहाइड. आकडा २ वरून १, समावेशन. उरलेला १ आता कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा. जपानमध्ये मिनामाता इथल्या कारखान्यात १९३२ ते १९६८ ही अभिक्रिया चालली. तिथला मिथिल पारा समुद्रात गेला, मासळीतून माणसांत गेला, आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. वर्गात ही अभिक्रिया शिकवताना मी हे दर वेळी सांगत आलो. बाणावर लिहिलेला उत्प्रेरक कुठेतरी जातोच.

अभ्यासू_११वी | १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

सर, मी स्वतः संच केला आणि सोडवला. तपासाल का?

टोल्युईन (बेंझीन वलयावर एक मिथिल गट) + क्लोरीन, उन्हात: ४ ते ४, प्रतियोजन.
टोल्युईन + क्लोरीन, फेरिक क्लोराइड, अंधारात: ४ ते ४, प्रतियोजन.
हेक्झेनपासून बेंझीन, क्रोमियम ऑक्साइडवर, ७७३ केल्विन: ० ते ४, हायड्रोजन बाहेर.
प्रोपीन + एचबीआर, पेरॉक्साइडसह: १ ते ०, समावेशन.
अ‍ॅसिटिलीन + अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट: चांदी हायड्रोजनसारखी मोजली तर २ ते २, प्रतियोजन. पण असंपृक्त असून प्रतियोजन कसं, हे कळलं नाही.

गोदाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री १०:२०

पाचही बरोबर.

पहिल्या दोन्हींत प्रकार तोच, पण जागा वेगळी. उन्हात रॅडिकल मिथिल गटातला हायड्रोजन काढतो आणि बेंझाइल क्लोराइड मिळतं. फेरिक क्लोराइडबरोबर अंधारात क्लोरीन वलयावर बसतो, ऑर्थो आणि पॅरा जागी, म्हणजे मिथिल गटाच्या शेजारी आणि समोर. आकडा प्रकार सांगतो, जागा बाणावरून काढावी लागते. चौथ्याचंही तसंच. पेरॉक्साइड नसतं तर मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाने (हायड्रोजन जास्त असलेल्या कार्बनला हायड्रोजन जोडला जातो) २-ब्रोमोप्रोपेन, पेरॉक्साइड असल्यामुळे १-ब्रोमोप्रोपेन. दोन्हीकडे समावेशन. पेरॉक्साइडचा हा परिणाम फक्त एचबीआरला, एचसीएल आणि एचआयला नाही.

पाचव्याबद्दल. तिहेरी बंधाच्या कार्बनला इलेक्ट्रॉन जास्त घट्ट धरता येतात, म्हणून टोकाचा हायड्रोजन आम्लासारखा सुटतो आणि चांदी त्याची जागा घेते. तिहेरी बंधाला हातही लागत नाही. म्हणूनच १-ब्यूटाइन पांढरा साका देतं, २-ब्यूटाइन देत नाही, कारण त्याच्या टोकाला असा हायड्रोजनच नाही.

प्रयोगवही | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

पाचवा प्रयोग कुणी करणार असेल तर साका गाळून वाळवू नका. कोरडं सिल्व्हर अ‍ॅसिटिलाइड थोड्या धक्क्यानेही फुटतं. निरीक्षण लिहून झालं की नळी ओली असतानाच त्यात विरल नायट्रिक आम्ल घालून साका नष्ट करा आणि मगच ती धुवायला द्या.